कंसात टाकलेला लॉट

नमस्कार सर,

मी मूळचा बार्शी तालुक्यातला. २०२१ला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. सध्या भोसरी एमआयडीसीत एका मशीनिंग शॉपमध्ये क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. मध्ये वडिलांच्या आजारपणात आठ महिने गावी होतो, तेवढा गॅप पडलाय. मोठ्या कंपनीत जायचं म्हणून यंदा तीन ठिकाणी इंटरव्ह्यू दिले. तिन्हीकडून पुढे काहीच कळलं नाही. 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' व्हिडिओ बघून पाठ केलं होतं, पण दुसऱ्याच वाक्याला अडकलो. एका ठिकाणी सीपीकेची, म्हणजे मशीन माप मर्यादेत किती भरवशाने धरतं त्या आकड्याची, व्याख्या बरोबर सांगितली. मग त्यांनी 'तुमच्याकडे किती येतो?' विचारलं आणि मी गप्प. नोकरी का सोडताय म्हटल्यावर पगार कमी आहे असं सांगून टाकलं. इंग्रजी कच्चं आहे. मित्र म्हणतात, गॅप लपव आणि तीन वर्षांचा अनुभव पाच वर्षांचा दाखव. आमच्याकडे रोजचंच काम असतं, सांगण्यासारखं विशेष काही नाही (एकदा बुशचा बोअर, म्हणजे आतलं भोक, लहान येऊन कस्टमरकडून लॉट परत आला होता, त्याचा एट डी, म्हणजे तक्रारीचं कारण आणि उपाय शोधायचा आठ पायऱ्यांचा रिपोर्ट, मी केला, पण तो साहेबांच्या नावाने गेला). आता चाकणच्या ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीतून फोन आलाय, पंधरा दिवसांनी बोलावलंय. तयारी कशी करू? की सरळ रेल्वेच्या जेईचा (ज्युनिअर इंजिनिअरच्या परीक्षेचा) अभ्यास सुरू करू? तिथे इंटरव्ह्यूच नसतो म्हणे.

— भोसरीहून एक वाचक

प्रिय मित्रा,

तुझ्या पत्रातला सगळ्यात कामाचा मजकूर तू कंसात टाकला आहेस. परत आलेला लॉट आणि त्याचा तू केलेला एट डी. वर 'सांगण्यासारखं विशेष काही नाही' असंही लिहिलं आहेस. मी पिंपरी-चिंचवड पट्ट्यात क्वालिटीतच नोकरी केली आणि पुढे बरीच वर्षं इन्स्पेक्टर आणि ज्युनिअर इंजिनिअरच्या जागांसाठी मुलाखती घेतल्या. टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्याच्या कानावर दिवसभर तीच पाठ केलेली ओळख पडत असते, तेच 'आय अ‍ॅम हार्डवर्किंग' आणि त्याच व्याख्या. अशात एखादा मुलगा म्हणतो, 'सर, आमच्याकडे एकदा बुशचा लॉट परत आला होता', आणि घेणारा माणूस खुर्चीत सरळ होऊन ऐकायला लागतो. कारण तोही तेच भोगत आलेला असतो. म्हणून या पंधरा दिवसांतला अर्धा वेळ तू त्या एका लॉटला दे.

आज रात्री वही घेऊन बस आणि आठवेल ते सगळं लिहून काढ. लॉट केवढा होता, त्यातले खराब किती निघाले? कस्टमरला कुठे कळलं, इनकमिंगला, म्हणजे माल आत घेताना, की थेट असेंब्ली लाइनवर? लाइनवर कळलं असेल तर ती किती वेळ थांबली? निरोप आल्यावर पहिल्या दिवशी काय केलंत? कस्टमरकडचा, गाडीतला आणि स्वतःच्या स्टोअरमधला माल वेगळा काढला का, सॉर्टिंगला कोण गेलं? बोअरचा साइज आणि टॉलरन्स, म्हणजे माप किती इकडेतिकडे चालतं, काय होता? समजा तो १८ एच७ होता, म्हणजे १८.००० ते १८.०१८ मिमी. मग खराब पीस किती भरत होते, १७.९९५ की १७.९८? हे आकडे तुझ्या डोक्यात असले पाहिजेत.

आता कारणाकडे ये. तू रोज मशीनवर बघतोस की बोअरिंगचा इन्सर्ट, म्हणजे कापणारं टोक, झिजत गेला की बोअर लहान यायला लागतो आणि बाहेरचा व्यास टर्न करताना तोच झिजलेला इन्सर्ट व्यास वाढवतो. पुस्तक न उघडता तुला हे ठाऊक आहे. मग इन्सर्ट किती पीसनंतर बदलायचा हे कुठे लिहिलेलं होतं का, की ऑपरेटर आवाजावरून ठरवायचा? रात्रपाळीला ऑफसेट, म्हणजे मशीनला मापाची दुरुस्ती, कोण देत होतं? 'फाइव्ह व्हाय', म्हणजे पुन्हा पुन्हा 'का' विचारत जाणं, ते हेच. पण इथे बहुतेक मुलं अर्ध्यावर थांबतात. माल खराब बनला का, एवढंच सांगतात. अनुभवी माणूस लगेच दुसरा प्रश्न टाकतो: 'मग तुमच्या इन्स्पेक्शनमधून सुटला कसा?' इन्स्पेक्टर तू असल्यामुळे हा प्रश्न तुलाच आहे आणि त्याला घाबरायचं कारण नाही. बोअर लहान असूनही गो गेज, म्हणजे बोअर किमान मापाचा आहे ना हे आत घालून बघायचा गेज, आत गेला असेल तर गेजच झिजलेला असू शकतो. प्लग गेजचं गो टोक रोज वापरून झिजतं, बारीक होतं आणि लहान बोअरही बिनधास्त पास करतं. तसं झालं असेल तर कॅलिब्रेशनची तारीख उलटली होती का, तेही सांग. गेज चांगला होता आणि तासाला एक पीस बघायच्या नियमात मधले पीस निसटले असतील, तर तसं सांग. जे झालं तेच सांग. आणि शेवटी, पुन्हा होऊ नये म्हणून कंट्रोल प्लॅनमध्ये, म्हणजे काय, कसं आणि किती वेळा तपासायचं त्या कागदात, नेमकं काय बदललं, ते किती महिने टिकलं, तक्रार पुन्हा आली का, हे सांगितल्याशिवाय गोष्ट पूर्ण होत नाही.

तो साहेबांच्या नावाने गेला याचं तुला वाईट वाटलंय, ते पत्रात दिसतं. मुलाखतीत त्याची तक्रार करू नकोस आणि स्वतःचं काम लपवूही नकोस. 'रिपोर्ट साहेबांच्या सहीने गेला. पीस मोजले, डेटा काढला, कारण शोधलं ते मी.' इतकं पुरे. आमच्या लाइनीत रिपोर्ट साहेबांच्याच सहीने जातात, हे घेणाऱ्याला माहीत असतं. पण जिथे ऑपरेटरने किंवा सेटरने मदत केली तिथे त्याचं श्रेय त्याला दे. सगळीकडे 'मी, मी' करणाऱ्या मुलाला घ्यायला कुणी धजत नाही, कारण उद्या त्याला त्याच माणसांबरोबर लाइनवर उभं राहायचं असतं.

कस्टमरचं ड्रॉइंग, मोबाइलमधले पार्टचे फोटो, जुन्या कंपनीच्या रिपोर्टच्या झेरॉक्स, यातलं काहीही बरोबर नेऊ नकोस. दाखवायचा मोह होईल. पण जो आज त्यांचे कागद इथे दाखवतो तो उद्या आपले कागद दुसरीकडे दाखवेल, हे कुणाच्याही लक्षात येतं. कोरा कागद मागून घे आणि बुश हाताने काढून दाखव. स्वच्छ रेघांचं, मापं टाकलेलं चित्र काढता येणं हाच डिप्लोमाचा उत्तम पुरावा आहे.

आता सीपीके. व्याख्या आली आणि 'तुमच्याकडे किती येतो' म्हटल्यावर गप्प बसलास, कारण व्याख्या पुस्तकातली होती आणि प्रश्न तुझ्या मशीनबद्दल होता. उद्या कामावर गेलास की एका शाफ्टचे सलग पीस मोज आणि स्वतः गणित कर. नमुन्यादाखल एक देतो. व्यास २० अधिक-उणे ०.०२, म्हणजे मर्यादा १९.९८ आणि २०.०२. सरासरी आली २०.००८ आणि सिग्मा, म्हणजे मापांची पसरण, ०.००३. एकूण टॉलरन्स ०.०४, त्याला सहा सिग्माने म्हणजे ०.०१८ने भाग, सीपी, म्हणजे सेटिंग मधोमध असतं तर मिळाला असता तो आकडा, आला २.२२. सीपीकेसाठी सरासरीपासून जवळची मर्यादा बघायची. २०.०२ वजा २०.००८ म्हणजे ०.०१२, त्याला तीन सिग्माने, म्हणजे ०.००९ने भागलं की १.३३. आता हे दोन आकडे शेजारी ठेव आणि बोल: 'मशीन चांगलं आहे, पण सेटिंग वरच्या बाजूला सरकलंय. आठ मायक्रॉन (०.००८) खाली आणलं तर सीपीकेही सीपीइतका होईल.' हे एक वाक्य जो स्वतःच्या आकड्यांवर बोलतो त्याला कुणी पुढे व्याख्या विचारत नाही. कस्टमर साधारणपणे १.३३ किंवा १.६७ मागतो. १.३३ म्हणजे जवळच्या मर्यादेपर्यंत चार सिग्माची जागा, १.६७ म्हणजे पाच. तेवढं लक्षात ठेव.

याच शाफ्टवर पुढचा प्रश्न हमखास येतो: 'हा व्हर्नियरने मोजला तर चालेल का?' आपल्याकडच्या नेहमीच्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे वाचता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ आणि इथे एकूण टॉलरन्सच ०.०४, म्हणजे सगळा टॉलरन्स दोन रेघांत संपला. मापाचं साधन टॉलरन्सच्या एक दशांशापर्यंत वाचणारं असावं असा ठोकताळा आहे. तेव्हा ०.०१चा साधा मायक्रोमीटरही इथे कमीच पडतो, ०.००१ वाचणारा हवा. त्याला जोडून एमएसए, म्हणजे मापनपद्धतीचीच तपासणी, विचारतील. गेज आर अँड आर, म्हणजे गेजमुळे आणि मोजणाऱ्यामुळे मापात येणारा फरक, १० टक्क्यांच्या आत असेल तर चांगला, १० ते ३० असेल तर कामाचं महत्त्व बघून चालवायचा आणि ३०च्या वर गेला तर ती मापनपद्धत आधी सुधारायची. तुमच्या शॉपमध्ये हे केलेलं नसेल तर 'वाचलंय, प्रत्यक्ष केलेलं नाही' असं सरळ सांग. इन्स्पेक्टरच्या जागेला हे उत्तर मला कधीच कमी वाटलं नाही. न मोजता मापाचा आकडा भरणारा इन्स्पेक्टर ही कंपनीची सगळ्यात मोठी भीती असते. 'माहीत नाही' म्हणू शकणारा माणूस ती भीती थोडी कमी करतो.

काही ठिकाणी टेबलावर एखादा पार्ट आणि मायक्रोमीटर ठेवलेला असतो. 'जरा मोजून सांगा.' माझं लक्ष अशा वेळी उमेदवाराच्या हातांकडे असायचं. बरीच मुलं घाईने पार्ट उचलतात, मायक्रोमीटरचा थिंबल पिळून घट्ट करतात आणि आकडा सांगून मोकळी होतात. एखादा मात्र आधी पार्टवरचं तेल पुसतो. मायक्रोमीटरचे दोन्ही फेस पुसतो. तो बंद करून शून्यावर येतो का बघतो, येत नसेल तर किती फरक आहे ते बोलून दाखवतो. मग रॅचेट फिरवून, टकटक आवाज येईपर्यंत हलक्या हाताने माप घेतो, पार्ट नव्वद अंशांत फिरवून पुन्हा घेतो आणि मगच सांगतो. त्याने तोवर तोंडातून चार शब्दही काढलेले नसतात, पण निम्मी मुलाखत झालेली असते. तू हे रोज करत असशील. तिथे दडपणाखाली विसरू नकोस, एवढंच.

'टेल मी अबाउट युवरसेल्फ'चा तो पाठ केलेला मजकूर आता सोडून दे. गाव, वडील काय करतात, भाऊ-बहीण किती, छंद, यातलं त्या प्रश्नात त्यांना काही नको असतं. कुठे काम करतोस, कोणते पार्ट, कोणती मशीन, तुझ्या हातात नेमकं काय आहे आणि शेवटी तो लॉट. साधारण असं: 'मी भोसरीत सीएनसी मशीनिंग शॉपमध्ये इन-प्रोसेस आणि फायनल इन्स्पेक्शन बघतो. बुश आणि शाफ्ट हे आमचे मुख्य पार्ट. सेटिंगनंतर पहिल्या पीसचं अप्रूव्हल माझं असतं. मागे बोअरच्या एका तक्रारीवर मी एट डी केला, तेव्हापासून कारण शोधण्याच्या कामात मला जास्त रस आहे.' आणि थांब. पुढचा प्रश्न त्याच लॉटवर येईल आणि तिथे तुझी तयारी पक्की आहे. शब्द पाठ करू नकोस, क्रम लक्षात ठेव. पाठ केलेल्यातला एक शब्द निसटला की मागचं सगळं घसरतं, हे तू अनुभवलंच आहेस. रोज रात्री रूम पार्टनरला ऐकव, शक्यतो इंजिनिअरिंगबाहेरच्या. त्याला कळलं नाही तर तू कुठेतरी पायरी गाळली आहेस असं समज.

इंग्रजीची भीती तू फारच मनावर घेतली आहेस. इन्स्पेक्टरच्या मुलाखतीत निम्मे शब्द बोअर, गेज, रिवर्क, स्क्रॅप असेच असतात आणि ते तुला येतात. ओळखीची चार-पाच वाक्यं इंग्रजीत, छोटी छोटी, मोठ्याने बोलून तयार ठेव. पुढे अडलं तर 'सर, हे मी हिंदीत किंवा मराठीत सांगू का?' असं विचार. चाकणला पॅनेलमध्ये बऱ्याचदा एक तरी मराठी माणूस असतो, आणि नसला तरी हिंदी चालते. पण इंग्रजी वाचायला मात्र शीक. ड्रॉइंगवरच्या नोट्स, कस्टमरचे मेल, ऑडिटची कागदपत्रं सगळी इंग्रजीत असतात. 'बोलायला कचरतो, पण ड्रॉइंग आणि रिपोर्ट वाचतो, लिहितो' हे खरं असेल तर तेच सांग.

मित्रांचा सल्ला ऐकू नकोस. तुझा पीएफ कापला जात असेल तर यूएएनच्या, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरच्या, खात्यात कोणत्या कंपनीत कधी लागलास आणि कधी सोडलंस याच्या तारखा असतात. मोठ्या कंपन्या रुजू करून घेताना यूएएन, पगाराच्या स्लिपा आणि आधीचं रिलीव्हिंग लेटर मागतात. तीनाचे पाच तिथेच उघडे पडतात, आणि रुजू झाल्यावर उघडे पडले तर लागलेली नोकरी जाते. गॅपचं तर लपवण्यासारखं काहीच नाही. 'वडील आजारी होते, आठ महिने गावी त्यांच्याजवळ होतो. नंतर पुन्हा कामाला लागलो.' शांतपणे दोन वाक्यं, आणि पुढचा विषय. आजारपणाचा तपशील, खर्च, घरची ओढाताण यात शिरू नकोस. आणि आवाजात अपराधी भाव तर मुळीच नको. वडिलांसाठी थांबलास, तुझं काहीही चुकलेलं नाही.

'का सोडताय'ला पगार हे खरं उत्तर असेल, पण एकमेव नसणार. तुमच्याकडे सीएमएम (पार्टची मापं तिन्ही दिशांनी घेणारं मशीन) आहे का? नवा पार्ट येतो तेव्हा पीपीएपीच्या, म्हणजे तो कस्टमरकडून मंजूर करून घ्यायच्या, कामात तुला घेतात का? नसेल तर तेच कारण सांग: 'मला नव्या पार्टच्या कामात शिरायचंय, ते आमच्याकडे होत नाही.' सध्याच्या मालकाबद्दल, साहेबांबद्दल वाकडा शब्द नको. ब्रेकचे पार्ट म्हणजे सेफ्टीचा मामला. तेव्हा या कंपनीत ट्रेसेबिलिटी, म्हणजे कोणत्या हीटचा (वितळवलेल्या धातूच्या घाण्याचा), कोणत्या दिवसाचा, कोणत्या मशीनचा माल कुठे गेला हे शोधता येणं, फार काटेकोर असणार. तुमच्या शॉपमध्ये बॅच कोड कसा टाकतात ते बघून जा. त्यांच्या वेबसाइटवर सर्टिफिकेटं दिसतील. आयएटीएफ १६९४९ म्हणजे वाहन उद्योगाची क्वालिटी सिस्टिम, तिची सध्याची आवृत्ती २०१६ची. कस्टमर जर्मन असेल तर व्हीडीए ६.३ हे प्रोसेस ऑडिटचं नाव ओळखीचं असू दे. त्यापलीकडे पाठांतर नको.

रेल्वेचं तू ऐकलंस ते खरं आहे. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६पासून ग्रुप सी आणि ग्रुप बी अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. जेईला संगणकावरच्या दोन परीक्षा, मग कागदपत्रं आणि मेडिकल. रेल्वेचं काम तुला मनापासून करावंसं वाटत असेल तर जरूर अभ्यास कर, नोकरी सांभाळून. पण मुलाखतीला घाबरून तिकडे जाऊ नकोस. ज्या मुलाने परत आलेल्या लॉटचं मूळ शोधून काढलं त्याने दोन माणसांसमोर बोलायच्या भीतीने वाट बदलावी, हे मला खरंच पटत नाही.

त्या दिवशी भोसरीहून लवकर निघ. मोशीपासून चाकणच्या तळेगाव चौकापर्यंतचं ट्रॅफिक तुला माहीत आहे. आदल्या रविवारी एकदा जाऊन गेट बघून आलास तर उत्तम. आधारकार्ड, बायोडेटाच्या तीन प्रती, मार्कशीट, शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिपा एका फाइलमध्ये क्रमाने लाव. गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतील, तो मुलाखत संपवून बाहेर येईपर्यंत काढू नकोस. साधा फुल शर्ट, आणि शॉप बघायला नेतील म्हणून बंद बूट. शॉपमधून नेलं तर पिवळ्या रेघांच्या आतून चाल. सोबतचा माणूस तेही बघत असतो.

शेवटी 'काही विचारायचंय का?' म्हणतील. 'नाही सर' म्हणून उठू नकोस. या जागेवरच्या माणसाने पहिल्या सहा महिन्यांत कोणत्या लाइनवर काय करावं अशी अपेक्षा आहे, ते विचार. आणि पद कंपनी रोलवर आहे, ट्रेनी म्हणून आहे की कॉन्ट्रॅक्टरकडून, हे एचआरला स्पष्ट विचार. यात उद्धटपणा काही नाही. पगाराचं एचआरच काढेल. सध्याचा खरा आकडा सांग, अपेक्षा सांग आणि सीटीसीवर, म्हणजे तुझ्यावर होणाऱ्या कंपनीच्या एकूण खर्चाच्या आकड्यावर, हुरळून जाऊ नकोस. कंपनीचा पीएफचा १२ टक्के हिस्सा आणि ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के, दोन्ही बेसिकवर, बहुधा त्यातच धरलेले असतात. हातात किती येतील, कँटीन आणि बसचे किती कापतात, हे विचारून घे. मध्येच कुणी 'काम करून देतो' म्हणून रजिस्ट्रेशनचे किंवा डिपॉझिटचे पैसे मागितले तर एक रुपया देऊ नकोस.

आणि झालं म्हणून फोन आला तरी लगेच राजीनामा टाकू नकोस. ऑफर लेटर हातात पडू दे, त्यात पद, पगार आणि रुजू व्हायची तारीख आहे ना बघ, तुझ्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये नोटीस किती दिवसांची लिहिली आहे ते काढून वाच आणि मगच साहेबांकडे जा. नोटीस पूर्ण कर, गेज आणि रेकॉर्ड सगळं नीट ताब्यात दे, रिलीव्हिंग लेटर घेऊनच बाहेर पड. ती तारीख यूएएनवर बरोबर चढली का, तेही महिन्याभराने तपासून घे.